लग्नाच्या फोटोतून काढलेला माणूस नेमका जातो कुठे?

तुळशीचं लग्न लागलं की आपल्याकडे लग्नसराई सुरू होते, आणि लग्न पार पडल्यावर काही आठवड्यांनी फोटोग्राफरची लिंक येते. मग घरातले सगळे टीव्हीला लॅपटॉप जोडून फोटो बघायला बसतात आणि दहा-बारा फोटो झाले की तो प्रश्न निघतोच, "किती छान आलाय गं हा, पण हा मागे फोन वर करून उभा असलेला कोण? याला काढता येत नाही का?"

पूर्वी याचं उत्तर "स्टुडिओवाल्याला विचारून बघू" असं असायचं. आता सोय सगळ्यांच्या खिशात आहे. गूगलने २०२१ मध्ये पिक्सेल ६ फोनबरोबर मॅजिक इरेजर आणलं आणि २०२४ मध्ये ते गूगल फोटोज वापरणाऱ्या सगळ्यांना फुकट केलं, त्याच वर्षी ॲपलने नव्या आयफोनमध्ये क्लीन अप दिलं, सॅमसंगच्या फोनमध्ये ऑब्जेक्ट इरेजर आहे. बोट फिरवलं की माणूस गायब. त्यामुळे आता दोन प्रकारचे लोक भेटतात. एकांना वाटतं सगळं काही दोन मिनिटांत निघतं आणि एडिटर उगाच वेळ लावतोय, दुसऱ्यांना वाटतं हे सगळं खोटं आहे आणि फोटोला हातच लावू नये. मी लग्नाचे अल्बम करतो, फोटो दुरुस्तीचं कामही रोजचंच आहे, आणि मला मनापासून वाटतं की आत नेमकं काय घडतं हे एकदा समजलं ना, की कुठला फोटो सुधारेल, कुठला बिघडेल आणि कुठल्याला हात लावायचाच नाही हे प्रत्येकाला स्वतःच ठरवता येईल.

फोटोला मागचं काही माहीत नसतं

डिजिटल फोटो म्हणजे रंगाच्या बारीक बारीक चौकोनांची जाळी, या एकेका चौकोनाला पिक्सेल म्हणतात. २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा असेल तर साधारण ६००० आडवे आणि ४००० उभे, म्हणजे २ कोटी ४० लाख चौकोन. प्रत्येक चौकोनात एकच रंग नोंदवलेला असतो. आता समजा नवरीच्या मागे निळ्या शर्टातला माणूस उभा आहे आणि त्याच्या मागे झेंडूच्या माळा आहेत, तर त्या जागेच्या पिक्सेलमध्ये फक्त निळा शर्ट नोंदवला गेला. त्यामागच्या माळा फोटोत कुठेही लपलेल्या नाहीत, त्या कॅमेऱ्यापर्यंत पोचल्याच नाहीत. खूप जणांचा समज असतो की शर्ट बाजूला केला की खालून माळा दिसतील, तसं काही नसतं. माणूस काढला की तिथे भोक पडतं आणि ते भोक कशाने तरी भरावं लागतं. म्हणजे काढणं हे काम क्षणाचं आहे, खरं काम भरण्याचं आहे.

हे भरणं म्हणजे रफू. चांगला रफूवाला बाहेरचा दोरा वापरत नाही, तो त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून, दुमडलेल्या भागातून दोरे काढतो आणि आजूबाजूच्या विणीला जुळवत भोक बुजवतो. कापड साधं असेल तर रफू कुठे केलंय ते सापडत नाही, पण चौकड्याचं किंवा जरीच्या काठाचं असेल तर त्याची परीक्षा असते, आणि भोक फारच मोठं असेल तर तो सरळ सांगतो की होणार नाही. फोटोतही सगळा खेळ या दोनच गोष्टींचा आहे, भोक केवढं आहे आणि दोरा कुठून मिळणार आहे.

दोरा आणायच्या पद्धती

फोटोशॉप, म्हणजे ॲडोबी कंपनीचं फोटो दुरुस्तीचं सॉफ्टवेअर, पहिल्यांदा १९९० मध्ये आलं. त्यातलं सगळ्यात जुनं हत्यार क्लोन स्टॅम्प, आजही आम्ही रोज वापरतो. यात माणूस स्वतः दाखवतो की इथला भाग उचल आणि तिथे लाव. हुबेहूब नक्कल होते, पण उजेड वेगळा असेल तर डाग दिसतो, कारण हॉलची भिंत एका बाजूने उजळ आणि दुसऱ्या बाजूने काळपट असते. ही अडचण २००२ च्या फोटोशॉप ७ मधल्या हीलिंग ब्रशने बरीच कमी केली. तो पोत एका जागेचा घेतो आणि रंग-उजेड मात्र जिथे लावायचंय तिथल्या आजूबाजूचा. चेहऱ्यावर चिकटलेला अक्षतांचा दाणा काढायला याच्याइतकं चांगलं अजूनही काही नाही.

मग २०१० मध्ये कंटेंट-अवेअर फिल आलं आणि खरी उडी तिथे झाली. यात माणसाने दोरा दाखवायचा नाही, सॉफ्टवेअर स्वतः शोधतं. भोकाच्या कडेचे छोटे तुकडे घेऊन ते फोटोत इतरत्र त्यांच्याशी जुळणारे तुकडे हुडकतं. लाखो तुकडे एकेक करून तपासायला खूप वेळ जाईल, म्हणून ॲडोबी आणि प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २००९ मध्ये पॅचमॅच नावाची युक्ती मांडली होती: आधी सगळ्या तुकड्यांसाठी आंधळेपणाने कुठलीही जागा धरायची, त्यातल्या काहींचा अंदाज नशिबाने बरोबर येतोच, मग त्यांनी आपल्या शेजाऱ्यांना सांगायचं की मला चांगली जागा मिळालीये, तूही तिथेच बाजूला बघ. अशा दोन-चार फेऱ्यांत सगळ्यांना ठीकठाक जागा मिळते. इथपर्यंतच्या सगळ्या पद्धतींत एक गोष्ट समान होती, दोरा त्याच फोटोतला असायचा. फोटोत जे नाही ते येऊ शकत नव्हतं.

२०२३ मध्ये फोटोशॉपमध्ये जनरेटिव्ह फिल आलं आणि हा नियम मोडला. यामागे एआयचं मॉडेल, म्हणजे असंख्य चित्रांवर शिकलेला प्रोग्रॅम असतो. हे मॉडेल भोकात आधी नुसते विस्कटलेले ठिपके भरतं आणि मग आजूबाजूला जे दिसतंय त्याला शोभेल असं चित्र टप्प्याटप्प्याने त्यातून घडवत जातं. म्हणजे इथे दोरा तुमच्या कपड्यातला नाही, जगभरच्या कपड्यांकडे बघून नवीन कातलेला आहे. म्हणूनच हे मोठमोठी भोकं बुजवू शकतं, आणि म्हणूनच ते अशा गोष्टी घालू शकतं ज्या तुमच्या लग्नात नव्हत्याच. फोनमधल्या हत्यारांतही हेच दोन स्वभाव कमी-जास्त मिसळलेले असतात.

आपल्या लग्नात काय सहज निघतं

हॉलमधल्या भिंतीवरचा स्विचबोर्ड, आग विझवायचा लाल सिलिंडर, बाहेर जाण्याची हिरवी पाटी, स्टेजच्या कडेला ठेवलेली पाण्याची बाटली, जमिनीवरची व्हिडिओवाल्याची वायर, कापडी पडद्यासमोर आलेला लाइटचा स्टँड हे सगळं आरामात निघतं, फोनवरसुद्धा. झेंडूच्या माळा तर सॉफ्टवेअरच्या फार आवडीच्या, कारण त्यात एक फूल दुसऱ्यासारखं आहे पण अगदी सारखं नाही, त्यामुळे कुठलाही तुकडा कुठेही खपतो. गवत, आकाश, झाडं, अंगणातली माती, सगळं तसंच. हळदीचे फोटो घरच्या अंगणात असतात आणि मागे वाळत घातलेले कपडे, उभी केलेली बाईक, विजेचा मीटर असं सगळं येतं, पण मागे साधी भिंत असेल आणि या गोष्टी नवरीपासून सुट्या असतील तर काही अवघड नाही.

"सुट्या" या गोष्टीवर सगळं अवलंबून आहे. नको असलेली वस्तू आणि हवी असलेली व्यक्ती यांच्यात थोडी मोकळी जागा असली तर काम सोपं. तीच वस्तू शालूला, केसांना, गजऱ्याला टेकली की सॉफ्टवेअरला कळत नाही की सीमा कुठे आहे, आणि मग गजऱ्याची अर्धी फुलं त्या माणसाबरोबर जातात. मुंडावळ्यांचे मोत्यांचे सर तर इतके बारीक असतात की जवळचं काही काढायला गेलं की एखादा सर मधेच तुटून हवेत लटकलेला दिसतो. अशा जागी ब्रश अगदी लहान घ्यायचा, फोटो दुप्पट मोठा करून बघायचा आणि हाताने क्लोन स्टॅम्पच वापरायचा, दुसरा उपाय नाही.

पैठणीचा काठ आणि पदर सगळ्यात कठीण. तिथे मोर-पोपट ठरावीक अंतराने आणि ठरावीक दिशेने येतात, कापडाला निऱ्या पडलेल्या असतात त्यामुळे तेच नक्षीकाम प्रत्येक घडीत वेगळं वाकतं. सॉफ्टवेअर तिथे मोरासारखं काहीतरी काढतं जे लांबून ठीक वाटतं आणि अल्बममध्ये जवळून बघितलं की त्याला मान नसते. ज्या आईने येवल्याला जाऊन ती पैठणी निवडली तिला ते पहिल्याच नजरेत दिसणार. काठाचाच दुसरा न झाकलेला भाग उचलून, वाकवून, उजेड जुळवून लावावा लागतो आणि त्याला वेळ लागतो. एडिटर अशा एका फोटोचे वेगळे पैसे सांगत असेल तर त्यात काही वावगं नाही.

स्टेजमागच्या नावाच्या बोर्डासमोर कोणी उभं असेल तरी तेच. जनरेटिव्ह फिलला देवनागरी अक्षरं नीट घडवता येतील याचा भरवसा नाही, काना-मात्रा असलेले पण कोणालाच वाचता न येणारे आकार उमटतात. तिथे बोर्डाचा दुसरा मोकळा फोटो शोधून त्यातली अक्षरं आणून बसवायची.

आणि चेहरा. पाहुण्याच्या फोनने नवरीचा अर्धा चेहरा झाकला असेल तर तो भाग सॉफ्टवेअरकडून भरून घेऊ नका. ते भरून देईल, गोडसुद्धा दिसेल, पण तो गाल आणि तो डोळा तिचा नसेल. मेंदी लावलेल्या बोटांचंही तसंच आहे, बोटं चुकतात आणि मेंदीची नक्षी तर प्रत्येक हाताची वेगळी असते. ती कुठून आणणार?

सॉफ्टवेअरला मामा कळत नाही

२०२४ पासून फोटोशॉपच्या रिमूव्ह टूलमध्ये मागची माणसं आणि वायरी आपोआप शोधून काढायची सोय आली आहे, गूगलचं मॅजिक इरेजरही हे हे काढू का म्हणून सुचवतं, ॲपलचं क्लीन अप पण मागच्या गोष्टी उजळून दाखवतं. समुद्रकिनाऱ्यावरच्या फोटोला हे छान आहे. लग्नाच्या फोटोत मात्र मला याची काळजी वाटते. या सोयी बनवणाऱ्यांच्या डोळ्यापुढे साधारण असा फोटो असतो की पुढे दोन माणसं हवी असलेली, आणि मागे जे कोणी दिसतंय ते अनोळखी गर्दी.

आपल्या मंगलाष्टकांचा फोटो आठवून बघा. मध्ये अंतरपाट, दोन्ही बाजूंना वर-वधू, आणि वधूच्या मागे तिचा मामा उभा आहे, वराच्या मागे त्याचा. करवल्या दिवा आणि कलश घेऊन मागेच उभ्या आहेत, थोड्या अंधुक आलेल्या, कारण फोकस पुढच्यांवर आहे. अंतरपाट धरणाऱ्यांचे नुसते हात फोटोच्या कडेला कापले गेलेत. सॉफ्टवेअरच्या हिशेबाने मामा म्हणजे मागे आलेला अंधुक माणूस आणि ते हात म्हणजे कडेने घुसलेला अडथळा. एका टिचकीत सगळे जातात, आणि उरतो तो एक अतिशय स्वच्छ फोटो ज्यात नवरी कुणाच्याही आधाराशिवाय एकटीच उभी आहे आणि अंतरपाट हवेत तरंगतोय.

हवेतल्या अक्षतांचंही तेच. सॉफ्टवेअरला त्या धूळ किंवा कॅमेऱ्याच्या आतल्या सेन्सरवरचे डाग वाटतात, काही एडिटर पूर्ण फोटोवरून डाग काढायचं फिल्टर फिरवतात आणि सगळ्या अक्षता पुसल्या जातात. डोळ्यावर, दातांवर, नथीच्या मोत्यावर आलेला दाणा जरूर काढा, पण हवेतल्या राहू द्या, तो क्षण कोणता होता हे त्यांच्यामुळेच कळतं. आपोआप काढायची सोय वापरायचीच असेल तर तिने खुणा केलेल्या प्रत्येक गोष्टीकडे आधी घरातल्या माणसाने बघावं, बाहेरच्या एडिटरला मामा कोण आणि केटरिंगवाला कोण हे कळायचं काही कारण नाही.

सगळ्यात चांगला दोरा शेजारच्या फोटोत असतो

ही गोष्ट लोकांना माहीतच नसते आणि मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. फोटोग्राफर महत्त्वाच्या क्षणी एक फोटो काढत नाही, बटण दाबून धरतो आणि सेकंदाला पाच-दहा फोटो निघतात. तुम्हाला त्यातला निवडलेला एक मिळतो. पण ज्या फोटोत त्या काकांचा हात मध्ये आलाय, त्याच्या पुढच्या किंवा मागच्या फोटोत तो हात थोडा सरकलेला असतो, आणि हाताखाली जे झाकलं होतं ते तिथे खरंखुरं दिसत असतं.

मग काय करायचं, दोन्ही फोटो फोटोशॉपमध्ये एकावर एक ठेवायचे, हे थर म्हणजे लेयर. ऑटो-अलाइन लेयर्स या फोटोशॉपमधल्या सोयीने ते एकमेकांवर बरोबर बसवायचे, कारण फोटोग्राफरचा हात तेवढ्यात थोडा हललेला असतो, आणि वरच्या फोटोतला तेवढाच तुकडा झाकून खालचा दिसू द्यायचा. कोणी काही कल्पनेने भरलं नाही, जे होतं तेच दिसलं. पैठणीचा काठ, मेंदीचा हात, फोनने झाकलेला चेहरा, चष्म्यावर आलेली फ्लॅशची चकाकी, ग्रुप फोटोत एकट्या आजोबांचे मिटलेले डोळे, या सगळ्याला हाच उपाय आहे आणि तो जनरेटिव्ह फिलपेक्षा कितीतरी चांगला आहे. म्हणून फोटोग्राफरशी बोलताना एवढंच विचारा की अंतरपाट, हार घालणं, मंगळसूत्र, सप्तपदी या वेळचे न निवडलेले फोटोसुद्धा काही महिने ठेवाल का. बरेच जण जागा रिकामी करायला ते उडवून टाकतात, आधी सांगितलं तर ठेवतात.

पकडलं जातं ते कशामुळे

माणूस गेला पण त्याची सावली जमिनीवर राहिली, हे सगळ्यात जास्त दिसतं. हॉलच्या चकचकीत फरशीत त्याचं प्रतिबिंब राहतं, स्टीलच्या तांब्यात राहतं, स्टेजला आरसे लावले असतील तर विचारूच नका. जनरेटिव्ह फिल वापरताना तर सावली सोडणं अजून महागात पडतं. लोक तक्रार करतात की एक माणूस काढला तर त्याच्या जागी दुसराच कोणीतरी आला, त्याचं कारण बऱ्याचदा हेच असतं: जमिनीवर सावली दिसतेय, कडेला शर्टाची थोडी किनार राहिलीये, म्हणजे इथे माणूस असणार असा मॉडेलचा अंदाज होतो आणि ते माणूस घडवून देतं. काढायचा भाग निवडताना निवड थोडी सैल ठेवायची, सावलीसकट घ्यायची, आणि काय हवंय ते लिहायचा चौकोन रिकामा सोडायचा.

दुसरं म्हणजे रवाळपणा. हॉलमध्ये उजेड कमी असतो म्हणून कॅमेऱ्याची संवेदनशीलता वाढवावी लागते आणि फोटोत बारीक रवा येतो, त्याला नॉइज म्हणतात. भरलेला तुकडा मात्र गुळगुळीत असतो. मोबाईलवर काही कळत नाही, छापल्यावर तेवढीच जागा मेणासारखी दिसते. त्या तुकड्यावर मुद्दाम थोडा नॉइज घालावा लागतो.

तिसरं आकाराचं. आपल्याकडे १२ बाय ३६ इंची पान असलेले अल्बम सर्रास केले जातात. ३६ इंच, इंचाला ३०० ठिपके धरले तर १०,८०० पिक्सेल झाले. जनरेटिव्ह फिल सुरुवातीला एका वेळी १०२४ बाय १०२४ पिक्सेलपर्यंतच खरं तपशीलवार भरायचं, त्याहून मोठी जागा दिली की तेवढंच चित्र ताणून मोठं व्हायचं. नवीन मॉडेल सुधारली आहेत, तरी मोठा भाग एकदम न देता तुकड्या-तुकड्याने भरायची सवय अजूनही चांगलीच. आणि व्हॉट्सॲपवर आलेला फोटो तर दुरुस्त करूच नका, पाठवतानाच तो दाबून लहान केलेला असतो. फोटोग्राफरकडून मूळ फाइल घ्या. काम नेहमी नवीन रिकाम्या लेयरवर करा म्हणजे मूळ फोटो खाली शाबूत राहतो, जेपेगवर, म्हणजे फोटोच्या नेहमीच्या दाबलेल्या फाइलवर, पुन्हा पुन्हा सेव्ह करत बसलात तर प्रत्येक वेळी थोडी गुणवत्ता जाते.

"फोटोग्राफरने आधीच लक्ष द्यायला नको का?"

द्यायला हवं, आणि चांगले देतात. पण मुहूर्ताच्या वेळी काय होतं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. शेवटचं "शुभमंगल सावधान" झालं की अंतरपाट बाजूला होतो आणि त्याच क्षणी पुढच्या दोन रांगा फोन घेऊन स्टेजपाशी येतात. फोटोग्राफरला तेव्हा जिथून दिसेल तिथून घ्यावं लागतं, तो वधूच्या आत्याला बाजूला सारू शकत नाही. घरातल्या एखाद्या मोठ्या माणसाने आधी दोन वाक्यं बोलली की पुढे येऊ नका, तर त्याने जे होतं ते कुठल्याही सॉफ्टवेअरने होत नाही. स्टेजवरच्या बाटल्या, चपला, आहेराच्या पिशव्या, रिकामे खोके उचलायचं काम एका चुलत भावाला देऊन ठेवा.

"पण ही फसवणूक नाही का?"

हा प्रश्न योग्य आहे आणि उडवून लावण्यासारखा नाही. मार्च २०२४ मध्ये ब्रिटनच्या राजघराण्याने केट मिडलटन आणि मुलांचा फोटो प्रसिद्ध केला होता, त्यात मुलीच्या स्वेटरची बाही नीट जुळत नव्हती, तेव्हा एपी, रॉयटर्स, एएफपी, गेटी या बातम्या आणि फोटो पुरवणाऱ्या मोठ्या संस्थांनी तो फोटो मागे घेतला आणि दुसऱ्या दिवशी केटने एडिटिंग आपणच केल्याचं सांगून माफी मागितली. तिथे गडबड एवढीच होती की घरगुती हौसेचा फोटो बातमी म्हणून दिला गेला. बातमीचा फोटो म्हणजे वाचकाला दिलेला शब्द असतो, त्यातून बाहीसुद्धा बदलायची नाही. घरच्या अल्बमने तसा शब्द कोणाला दिलेला नसतो, रोलच्या जमान्यात स्टुडिओवालेही निगेटिव्हवर पेन्सिलने रिटचिंग करायचेच.

तरी घरच्या अल्बमलाही एक मर्यादा आहे असं माझं ठाम मत आहे. वस्तू काढा, अनोळखी माणूस काढा, केटरिंगचा मुलगा ट्रे घेऊन मधून गेला असेल तर त्याला काढा. जो त्या लग्नाला मानाने बोलावला गेला होता आणि आला होता, त्याला काढताना थांबा. भांडणं होतात, घटस्फोट होतात, एखाद्या भावाशी बोलणं बंद होतं आणि मग मेसेज येतो की याला सगळ्या फोटोंतून काढा. फोटो तुमचा आहे, निर्णय तुमचा. मी एवढंच सुचवतो की त्या माणसाचा समावेश नसलेले दुसरे फोटो अल्बमला निवडा, असलेल्या फोटोतून खोडू नका. ग्रुप फोटोतून माणूस काढला की त्याने ज्याच्या खांद्यावर हात ठेवला होता त्याचा खांदाही पुन्हा घडवावा लागतो. आणि कधीतरी बोलणं सुरू झालंच तर तो फोटो कोणालाही दाखवता येत नाही.

जिथे फोटो पुरावा म्हणून जाणार आहे तिथे तर अजिबात हात लावू नका. विवाह नोंदणीच्या अर्जाला बऱ्याचदा लग्नाचा फोटो जोडावा लागतो, जोडीदार परदेशात असेल तर व्हिसाच्या कागदपत्रांतही लग्नाचे फोटो दिले जातात. तिथे मूळ फोटोच द्यायचा, मग मागे कितीही प्लॅस्टिकच्या खुर्च्या दिसू देत.

"फोटो फोटोग्राफरचा, मग आपण बदलायचा का?"

कॉपीराइट कायदा, १९५७ चं कलम १७ सांगतं की पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार झालेला नसेल तर, काढून घेणारा असतो. म्हणून फोटोग्राफरने सही करून घेतलेला कागद आधी वाचा. त्याच कायद्याच्या कलम ५७ प्रमाणे कलाकृतीत असा बदल झाला की निर्मात्याच्या नावाला धक्का बसेल, तर तो हरकत घेऊ शकतो. साधा अर्थ असा की घरी कसाबसा खोडलेला फोटो फोटोग्राफरचं नाव टॅग करून टाकू नका, बघणारे ते काम त्याचंच समजतात.

"हे फोटो कुणाच्या कॉम्प्युटरवर जातात?"

क्लोन स्टॅम्प, हीलिंग ब्रश, कंटेंट-अवेअर फिल तुमच्याच मशीनवर चालतं. फोनवरच्या स्नॅपसीड ॲपचं हीलिंग आणि ॲपलचं क्लीन अप फोनवरच चालतं. फोटोशॉपचं जनरेटिव्ह फिल मात्र इंटरनेटवरून ॲडोबीच्या सर्व्हरवर जाऊन परत येतं. मोठ्या कंपनीचे नियम निदान लिहिलेले तरी असतात. मला भीती वाटते ती "फुकट बॅकग्राउंड काढा" म्हणणाऱ्या अनोळखी वेबसाइटची, जिथे लोक नवरीचे, लहान मुलींचे फोटो बिनधास्त टाकतात. मेंदीच्या, हळदीच्या घरगुती फोटोंना तर ही वाट दाखवूच नका.

एडिटरला काय सांगायचं

"मागचं क्लीन करून द्या" एवढंच सांगितलं की तो त्याच्या समजुतीने साफ करतो. त्यापेक्षा फाइलचा नंबर द्या, स्क्रीनशॉटवर लाल पेनाने जे काढायचं त्याला गोल करा आणि हिरव्याने जे अजिबात जाता कामा नये त्यालाही गोल करा, मामा, करवल्या, अंतरपाटाचे हात, कोपऱ्यात खुर्चीवर बसलेल्या पणजीबाई. दुरुस्त फोटोबरोबर मूळ फाइलही वेगळ्या फोल्डरमध्ये मागा. अल्बमचं प्रूफ, म्हणजे छपाईआधीचा नमुना, मोबाईलवर नको, लॅपटॉपवर पूर्ण मोठं करून बघा, काठ, बोटं, सावल्या आणि बोर्डावरची अक्षरं या क्रमाने. आणि छपाईला जाण्याआधी एकदा घरातल्या सगळ्यात ज्येष्ठ माणसाला शेजारी बसवून पानं उलटा, कोण कुठे उभं होतं हे त्यांना बरोबर आठवतं, आणि एखादा माणूस चुकून गेला असेल तर तो परत आणायला तेव्हा अजून वेळ असतो.